ऊन आणि त्वचेचा कर्करोग (सातारा जिल्हा)

सूर्यप्रकाशातील अतिनील किरण त्वचेच्या पेशींमधील डीएनएला इजा करतात. ही इजा वर्षानुवर्षे साचत गेली की काही पेशी बेसुमार वाढू लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९२ साली सूर्यकिरणांना कर्करोगकारक ठरवले.

सातारा जिल्ह्यात ऊन म्हटले की माण-खटावचे माळ आठवतात. महाबळेश्वर कोणाला आठवत नाही, आणि गफलत होते ती तिथेच. चटका बसतो तो उष्णतेचा. अतिनील किरण अंगाला जाणवत नाहीत. दर हजार मीटर उंचीमागे त्यांची तीव्रता सुमारे १० टक्क्यांनी वाढते आणि महाबळेश्वर १,३७२ मीटरवर आहे. गार वाऱ्यात स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवर दिवसभर वाकलेल्या बाईला ऊन लागतेय असे वाटतही नाही. विरळ ढगांतूनही हे किरण बरेचसे खाली येतात. मेच्या मध्यास भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येऊन सावली पायाखाली जाते, तेव्हा ते फार प्रखर असतात.

सावळ्या त्वचेतील मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे भारतात हा रोग युरोप-ऑस्ट्रेलियाच्या मानाने बराच कमी आढळतो. तरी नाक, पापण्या, कान, खालचा ओठ अशा उघड्या जागी तो होतो. अल्बिनिझम (जन्मजात रंगहीनता) असलेल्यांना मेलॅनिनचे कवच जवळजवळ नसतेच. अशा मुलाला उघड्या अंगाने रानात पाठवू नये.

आपल्याकडचा त्वचेचा प्रत्येक कर्करोग मात्र उन्हाचा नसतो. भाजल्याच्या जुन्या व्रणांतून, वर्षानुवर्षे चिघळणाऱ्या जखमांतून तो उद्भवतो. धोतराच्या काचाने कमरेवर होणाऱ्या कर्करोगाची नोंद विकृतिशास्त्रज्ञ व्ही. आर. खानोलकर आणि सहकाऱ्यांनी १९४५ साली केली. मेलॅनोमा हा त्वचेचा सर्वांत घातक कर्करोग सावळ्या लोकांत बहुधा तळपायावर किंवा नखाखाली होतो. कुरूप किंवा मुका मार समजून तो अंगावर काढला जातो. जीव जातो तो बहुतेकदा या उशिरापायी.

उसाच्या फडात किंवा भांगलणीला जाणाऱ्या बायका साडीवर पुरुषी, पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवतात आणि पदर डोक्यावर घेतात. घामाने निघून जाणाऱ्या, दर दोन तासांनी लावाव्या लागणाऱ्या सनस्क्रीनपेक्षा शेतात हेच भरवशाचे. गांधी टोपीखाली कान आणि मान उघडी राहते. त्यापेक्षा मुंडासे बरे.

महिनाभरात न भरणारी जखम, रक्त येणारी गाठ, रंग वा आकार बदलणारा तीळ त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावा. तुकडा काढून तपासला की निदान होते, आणि लवकर सापडलेल्या गाठीला बहुतेकदा एक छोटी शस्त्रक्रिया पुरते.