पाणथरी, वार आणि गाजर

थर्मोकोलचा डबा उघडला की आधी कोरड्या बर्फाची वाफ दिसते आणि मग तळाशी बोटाच्या पेराएवढी कुपी. आत जेमतेम १० मायक्रोग्रॅम प्रथिन असतं: रिकॉम्बिनंट मानवी ग्लुकोसेरेब्रोसिडेज, पेशीतली एक चरबी तोडणारं एन्झाइम. प्रयोगशाळेत कुणी एवढं लांबलचक नाव घेत नाही, 'जीकेस' म्हणून मोकळे होतात. कुपीवर बजावलेलं असतं, फक्त संशोधनासाठी. जळगाव-शिरपूरकडच्या एखाद्या प्रयोगशाळेने ती मे महिन्यात मागवली, तर पहिला प्रश्न एकच: बर्फ उरलाय का?

या कुपीची गोष्ट पाणथरीपासून, म्हणजे प्लीहेपासून, सुरू होते. १८८२ साली फिलिप गोशे या फ्रेंच डॉक्टरने बत्तीस वर्षांच्या एका बाईची प्रचंड वाढलेली पाणथरी तपासली. आतल्या फुगलेल्या पेशी पाहून त्याला तो कर्करोग वाटला. तो कर्करोग नव्हता, पण आजाराला नाव गोशेचंच मिळालं. सातपुड्याच्या पायथ्याच्या डॉक्टरला वाढलेल्या पाणथरीचं नवल वाटत नाही, कारण तिथे हिवताप आहे आणि भिल्ल-पावरा वस्त्यांत सिकलसेलही आहे. त्या गर्दीत गोशेचा एखादा रुग्ण झाकला जाणं सोपं आहे.

पेशीत नेमकं काय बिघडतं हे कळायला आधी पेशीतला लायसोसोम नावाचा भाग सापडावा लागला, आणि तो सापडला फ्रीजमुळे. १९४९ साली बेल्जियममध्ये ख्रिस्तियान द दुव्ह उंदरांच्या यकृतातली एन्झाइम्स मोजत होते. यकृत मिक्सरमध्ये फिरवलं तर एक आम्लप्रिय एन्झाइम भरपूर दिसे. हलक्या हाताने चेचलं तर अपेक्षेच्या दहाव्या हिश्शाएवढंच. तेच द्रावण पाच दिवस फ्रीजमध्ये ठेवून पुन्हा मोजलं, तर आकडा वर आला. एन्झाइम एका पडद्याच्या पिशवीत बंद होतं. मिक्सर पिशव्या फोडत होता आणि फ्रीजमध्ये त्या हळूहळू फुटत होत्या. (भरीत कुटायचं असतं, मिक्सरमध्ये फिरवायचं नसतं, हे खान्देशात वेगळं सांगावं लागत नाही.) १९५५ साली या पिशव्यांना लायसोसोम हे नाव मिळालं आणि १९७४ साली द दुव्ह यांना नोबेल. पिशवीच्या आत साधारण ताकाइतकं आंबट असतं. पेशीतला जुना माल तिथे मोडीत निघतो.

१९६०च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत रॉस्को ब्रेडी यांनी दाखवलं की गोशेच्या रुग्णांत यातलंच एक एन्झाइम, म्हणजे कुपीतलं जीकेस, कमी पडतं. जुन्या रक्तपेशी मोडल्या की त्यांच्या आवरणातली एक चरबी उरते. जीकेसने तिचे दोन तुकडे करायचे असतात. ते होत नाहीत, चरबी भक्षक पेशींत साठते, पाणथरी फुगते आणि हाडं दुखतात. मग बाहेरून एन्झाइम का देऊ नये? प्रश्न साधा होता. पण एवढं मानवी एन्झाइम आणायचं कुठून?

उत्तर निघालं ते वार. बाळंतपणानंतर आपल्याकडे परसात पुरतात, तीच. ब्रेडींच्या गटाने वारेतून जीकेस वेगळं केलं आणि १९७४ साली दोन रुग्णांना दिलं. पुढची वर्षं मात्र निराशेची गेली, कारण टोचलेलं एन्झाइम भक्षक पेशींऐवजी भलतीकडेच जात होतं. या प्रथिनावर साखरेच्या साखळ्या असतात. त्यांची टोकं छाटून मॅनोज ही साखर उघडी केली, तेव्हा भक्षक पेशींनी ते ओळखून आत घेतलं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत हुशारीची पायरी हीच, आणि तिच्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं. १९९१ साली बारा रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले आणि औषधाला मंजुरी मिळाली. एका रुग्णाच्या एका वर्षाला वीस हजारांच्या पुढे बाळंतिणींची वार लागे. हे फार दिवस चालणं शक्यच नव्हतं.

इथे केळीवाल्या खान्देशाला एक ओळखीची वाट दिसेल. रावेर-यावलकडे पूर्वी शेतातून कंद काढून लावायचे. नव्वदच्या दशकात काचेच्या बाटलीत वाढवलेली ग्रँड नैनची टिश्यूची रोपं आली. जीकेसचंही तसंच झालं, वार सुटली आणि टाकीतल्या पेशी आल्या. अर्थात टिश्यूच्या रोपात जनुक तेच राहतं. इथे मानवी जनुक चिनी हॅमस्टरच्या अंडाशयातून १९५७ साली वेगळ्या केलेल्या पेशींच्या वंशात घातलं जातं आणि त्या पेशी मानवी प्रथिन बनवतात. रिकॉम्बिनंट म्हणतात ते यालाच. असं औषध १९९४ साली मंजूर झालं. २००९ साली अमेरिकेतल्या कारखान्यात टाकीतल्या पेशींना विषाणूची लागण झाली आणि जगभर तुटवडा पडला. २०१२ साली तर चक्क गाजराच्या पेशींत बनवलेलं जीकेस मंजूर झालं. गाजराच्या पेशीत ते साठतं ते रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या मोठ्या पिशवीत, आणि वनस्पतींमध्ये लायसोसोमचं बरंचसं काम रिक्तिकाच करते. शिवाय तिथे मॅनोजची टोकं आपसूक उघडी राहतात, छाटणीची गरज नाही.

औषध तयार असताना संशोधनासाठी वेगळी कुपी कशाला लागते? एक कारण पार्किन्सन, म्हणजे कंपवात. २००९ साली अनेक देशांतल्या रुग्णांचा एकत्र अभ्यास झाला. जीकेसच्या जनुकात दोष असलेली माणसं पार्किन्सनच्या रुग्णांत सुमारे पाचपट अधिक आढळली, आणि तेव्हापासून मेंदूवर काम करणारेही जीकेस मागू लागले. त्याच वर्षी हजारभर जुनी औषधं शुद्ध जीकेससोबत तापवून पाहण्यात आली: कोणतं औषध एन्झाइमला उष्णतेत सावरून धरतं? त्यात ॲम्ब्रोक्सॉल निघालं, आपल्या खोकल्याच्या बाटलीतलं. पार्किन्सनवर त्याच्या चाचण्या अजून चालू आहेत, तेव्हा कुणी बाटल्या रिचवायला लागू नये.

दुसरं काम मापाचं. भारतात गोशेच्या रुग्णांत एल४४४पी हा जनुकदोष सर्वाधिक आढळतो. रुग्णाच्या पांढऱ्या पेशींत एन्झाइम किती उरलंय हे पाहायला एक कृत्रिम पदार्थ वापरतात. जीकेसने तो तोडला की अतिनील प्रकाशात निळा उजेड पडतो. कुपीतल्या शुद्ध एन्झाइमचा उजेड हे त्या तपासणीचं माप होऊ शकतं. खान्देशातला रुग्ण उपचारासाठी बहुधा मुंबई गाठतो. दुर्मीळ आजारांच्या २०२१च्या राष्ट्रीय धोरणात तिथलं केईएम रुग्णालय केंद्र म्हणून आहे, आणि २०२२पासून मदतीची मर्यादा ५० लाख रुपये झाली आहे. हे औषध आयुष्यभर घ्यावं लागतं, हे लक्षात घेता ती रक्कम फार काळ पुरत नाही.

कुपी एकदा वितळली की पुन्हा पुन्हा गोठवता येत नाही. म्हणून ती आल्या दिवशीच थेंबाथेंबाने छोट्या नळ्यांत वाटून उणे ७० अंशांवर ठेवतात. फ्रीजरला इन्व्हर्टर जोडलाय ना, हे त्याआधी बघून घेतात.