मावशीचा बिस्किटांचा डबा

लालबागला आमच्या मावशीकडे बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आहे, गोळ्यांनी भरलेला. केमिस्ट पाच-पाच गोळ्या कात्रीने कापून देतो. नाव एका तुकड्यावर, एक्सपायरी दुसऱ्यावर. परवा सगळं वर्तमानपत्रावर ओतलं तर ११ प्रकार निघाले.

मावशीला फॅब्री रोग आहे. एक्स गुणसूत्रावरच्या जीएलए जनुकातल्या दोषामुळे एक एन्झाइम कमी पडतं आणि विशिष्ट चरबी पेशींत साठत जाते. बारीक मज्जातंतूंना त्याची झळ लागली की हातापायांची आग होते. "तळवे पेटतात," असं ती लहानपणापासून म्हणायची. घरचे उष्णतेवर ढकलून काशाच्या वाटीने तूप चोळायचे. बायका या रोगाच्या नुसत्या वाहक, असंच डॉक्टरही बरीच वर्षं मानत. ते चूक होतं.

आगीसाठी प्रीगॅबालिन हे मज्जातंतूंच्या दुखण्यावरचं औषध सुरू झालं. त्याने काहींचे पाय सुजतात, तिचेही सुजले. सूज पाहून दुसऱ्या डॉक्टरांनी लघवीची गोळी दिली. मग सोडियम उतरलं, उठताना गरगरू लागलं, म्हणून चक्करेची गोळी. यातलं निम्मं दुखणं फॅब्रीचं नव्हतंच, पण दुर्मीळ रोगाचं नाव एकदा फाइलवर चढलं की सगळं त्याच्याच खात्यावर जातं.

त्यात प्रीगॅबालिन जवळपास जसंच्या तसं किडनीवाटे बाहेर पडतं, आणि फॅब्री किडनीलाही सोडत नाही, म्हणजे औषध अंगात साठू शकतं. रिपोर्टात क्रिएटिनिन, म्हणजे किडनी थकली की रक्तात वाढणारा घटक, ठीक दिसत होतं. पण ते स्नायूंतून तयार होतं. काटकुळ्या म्हातारीत स्नायूच कमी, तर किडनी थकलेली असली तरी आकडा कमीच येणार. वय, वजन धरून हिशेब करावा लागतो.

खरा धसका मला डायक्लोफेनॅक या वेदनाशामक गोळीचा बसला. गुडघ्यासाठी ती परस्पर आणायची. किडनीची गाळणी चाळीतल्या नळासारखी, दाबावर चालते. डायक्लोफेनॅक आत येणारी वाट आवळतं, बीपीची टेल्मिसार्टन बाहेरची सैल करते आणि लघवीची गोळी टाकीतलंच पाणी कमी करते. तिन्ही एकत्र, तेही उलटी-जुलाबात, म्हणजे दाब गेलाच. शिवाय मज्जातंतूंच्या आगीवर डायक्लोफेनॅकचा फारसा उपयोगही नाही.

डॉक्टरांनी डायक्लोफेनॅक त्याच दिवशी बंद केलं. प्रीगॅबालिन मात्र हळूहळू उतरवलं. एकदम सोडलं तर झोप उडते, जीव घाबरा होतो. सूज ओसरल्यावर लघवीची गोळी गेली, मागोमाग चक्करेची. आग थोडी आहेच. रात्री मावशी काशाची वाटी मागते.