पद्मा, पलाश आणि पनवेल : १९७१च्या नदीयुद्धाची पार्श्वभूमी

पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, सैन्य हलवायचं म्हटलं की नदी आडवी यायची. रस्ते मोजके, त्यातही मध्येच फेरीघाट. दारूगोळा, धान्य, तेल चितगाव आणि मंगला या बंदरांत उतरायचं आणि पुढे लाँच-बार्जमधून आत जायचं. या पाण्यावर पाकिस्तानी नौदलाच्या चार गनबोटी होत्या: जेसोर, राजशाही, कोमिल्ला आणि सिल्हेट. स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या बंगाली मुक्तिवाहिनीकडे सुरुवातीला एकही नव्हती.

तिच्या नौदलाचा उगम तर पार फ्रान्समध्ये. पाकिस्तानसाठी तिथे बांधलेल्या ‘मांग्रो’ पाणबुडीवरचे आठ बंगाली नौसैनिक, पाकिस्तानी सैन्याने ढाक्यात केलेल्या २५ मार्चच्या कत्तलीनंतर, तूलाँ बंदरातून निसटले, स्पेनमधल्या भारतीय वकिलातीत पोचले आणि तिथून भारतात आले. मे महिन्यात पश्चिम बंगालमधल्या पलाशीला (प्लासीला), भागीरथीच्या काठी, गुप्त छावणी सुरू झाली. शिकायला आलेली बहुतेक पोरं शेतकऱ्यांची किंवा कॉलेजातली. पोहणं त्यांना शिकवावं लागलं नाही, शिकवायचं होतं ते रात्री आवाज न करता पोहायला. दिल्लीहून या कामाची सूत्रं हलवत होते कमांडर मोहन नारायणराव सामंत, ‘करंज’ पाणबुडीचे पहिले कप्तान.

हत्यार म्हणजे लिंपेट माइन, जहाजाच्या बुडाला लोहचुंबकाने चिकटणारा सुरुंग. तो गमछाने छातीला बांधायचा, ओहोटीची वेळ साधून प्रवाहाबरोबर जहाजापर्यंत जायचं, पाण्याखाली चाकूने शेवाळ-शिंपले खरवडायचे आणि चिकटवून निघायचं. एक अडचण होती. सुरुंग कधी उडणार हे ठरवणारा खडा पाण्यात अर्ध्या तासात विरघळायचा आणि पोरांना पोचायला त्याहून जास्त वेळ लागायचा. तोडगा निघाला निरोधचा: खड्याच्या जागेवर तो चढवायचा आणि सुरुंग लावताना काढून टाकायचा. गुप्त कारवाईसाठी निरोधांची मागणी नोंदवताना कागदावर कारण काय लिहिलं असेल, असा प्रश्न मला नेहमी पडतो. १५ ऑगस्टच्या मध्यरात्री चितगाव, मंगला, चांदपूर आणि नारायणगंज इथे एकाच वेळी स्फोट झाले. पोरांना हल्ल्याचा संकेत आकाशवाणीच्या कोलकाता केंद्रावरून लागलेल्या गाण्यांनी दिला होता.

गनबोटी आल्या त्या यानंतर. कोलकाता पोर्ट ट्रस्टच्या दोन बोटींवर ४० मिलिमीटरच्या बोफर्स तोफा चढवल्या आणि त्यांची नावं पडली पद्मा आणि पलाश. लढाईसाठी बांधलेल्या नव्हत्याच त्या. वर चिलखत नाही, खाली इंजिनरूमची भट्टी. खलाशी बरेचसे पाकिस्तानी नौदल सोडून आलेले बंगाली, अधिकारी भारतीय. नोव्हेंबरमध्ये त्यांनी मंगल्याच्या तोंडाशी सुरुंग पेरले.

डिसेंबरमध्ये उघड युद्ध पेटल्यावर सामंत स्वतः पाण्यावर उतरले. आपल्या पनवेलचं नाव ल्यालेली ‘आयएनएस पनवेल’ ही सोव्हिएत बनावटीची छोटी गस्ती नौका, पद्मा, पलाश आणि सीमा सुरक्षा दलाची चित्रांगदा, एवढाच ताफा. ‘पनवेल’चे कप्तान होते लेफ्टनंट कमांडर जोसेफ नोरोन्हा. सुंदरबनातल्या अनोळखी वाटांनी, भरती-ओहोटी सांभाळत ते १० डिसेंबरच्या सकाळी मंगल्यात शिरले. फारसा प्रतिकार झाला नाही. चित्रांगदाला तिथे ठेवून उरलेल्या तिघी खुलन्याकडे निघाल्या.

दुपारच्या सुमाराला डोक्यावर विमानं आली. ती भारतीय होती, नॅट जातीची लढाऊ विमानं. ओळखीसाठी बोटींना पिवळी खूण केलेली होती. पण शत्रूच्या मुलखात इतक्या आत शिरलेली आपली बोट वैमानिकाच्या हिशेबात कुठून असणार? पद्मा आणि पलाश दोन्ही पेटल्या. ‘पनवेल’ वाचली आणि तिने पाण्यातल्या माणसांना उचललं.

पलाशवर बोट सोडण्याचा हुकूम सुटला तेव्हा इंजिनरूम आर्टिफिसर, म्हणजे इंजिनाचे तंत्रज्ञ, रुहुल अमीन खाली इंजिनापाशीच थांबले. शेवटी जखमी होऊन पाण्यात उडी टाकली, कसाबसा काठ गाठला आणि काठावर रझाकारांनी, पाकिस्तानी सैन्याच्या स्थानिक साथीदारांनी, त्यांना ठार केलं. रूपशा नदीच्या तीरावर त्यांची कबर आहे. ‘वीरश्रेष्ठ’ हा बांगलादेशाचा सर्वोच्च शौर्यसन्मान मिळालेले सात जण, त्यात नौदलाचे एकटे तेच. सामंत आणि नोरोन्हा यांना महावीरचक्र मिळालं. पाकिस्तानच्या चार गनबोटींपैकी ‘राजशाही’ नाकेबंदीतून निसटून मलेशियाला पोचली.

१९७३ साली भारताने ‘अक्षय’ ही गस्ती नौका बांगलादेशाला दिली. तिथे तिचं नाव ठेवलं गेलं पद्मा.