नो सरप्रायझेस ॲक्ट

नो सरप्रायझेस ॲक्ट हा अमेरिकेतला केंद्रीय कायदा, नेटवर्कबाहेरच्या डॉक्टरकडून किंवा हॉस्पिटलकडून अचानक येऊन पडणाऱ्या मोठ्या बिलांपासून पेशंटला वाचवणारा. २७ डिसेंबर २०२० ला राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी एका भल्यामोठ्या खर्च विधेयकावर सही केली, कोविडची मदत वगैरे सगळं त्यातच होतं, त्याच गाठोड्यात हाही बांधलेला होता. लागू झाला १ जानेवारी २०२२ पासून, म्हणजे सही ट्रम्प यांची आणि अंमलबजावणी बायडेन सरकारची, आणि तरी दोन्ही पक्षांना मान्य, जे तिकडे आरोग्याच्या विषयात फारसं बघायला मिळत नाही.

भानगड कळायला आधी तिकडचा इन्शुरन्स कसा चालतो ते बघावं लागतं. कंपनी काही डॉक्टर आणि हॉस्पिटलांशी रेट ठरवून करार करते, ते तिचं नेटवर्क. नेटवर्कमधल्याने ठरलेल्या रेटच्या वर पेशंटकडे मागायचं नाही. बाहेरच्यावर असं बंधन नाही, तो आपल्या मनाचा आकडा लावणार, कंपनी तिला वाटेल तेवढे देणार आणि मधला फरक पेशंटच्या डोक्यावर, याला बॅलन्स बिलिंग म्हणतात. मग नेटवर्कमध्येच जायचं ना, असं कोणीही म्हणेल, तर लोक जातच होते. हॉस्पिटल नेटवर्कमधलं, सर्जनही नेटवर्कमधला, सगळं आधी फोन करून विचारून घेतलेलं, आणि भूल देणारा मात्र बाहेरचा निघायचा, कारण भूलतज्ज्ञ, रेडिओलॉजिस्ट, पॅथॉलॉजिस्ट, इमर्जन्सीतले डॉक्टर हे बऱ्याचदा हॉस्पिटलच्या पगारावर नसतात, ते वेगळ्या ग्रुपचे असतात आणि त्या ग्रुपचा करार वेगळा असतो किंवा नसतोच. ऑपरेशन टेबलवर आडवा झालेला माणूस तोंडावर मास्क यायच्या आधी "तुम्ही कुठल्या नेटवर्कमधले?" असं विचारणार आहे का? समजा भुलेचं बिल झालं ४,००० डॉलर आणि कंपनीने दिले ९००, की उरलेल्या ३,१०० चं पाकीट काही आठवड्यांनी घरी पोस्टाने हजर. येल युनिव्हर्सिटीच्या झॅक कूपर आणि फियोना स्कॉट मॉर्टन यांनी २०१६ मध्ये आकडा काढला होता, नेटवर्कमधल्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत गेलेल्या साधारण २२ टक्के केसेसमध्ये डॉक्टर नेटवर्कबाहेरचा होता.

हे नुसतं गचाळ कारभारामुळे होत होतं असं समजू नका, यात धंद्याचं गणित होतं. इमर्जन्सीच्या डॉक्टरला पेशंट शोधावा लागत नाही, पेशंट आपोआप येतो, मग नेटवर्कमध्ये शिरून रेट कशाला कमी करून घ्यायचा? एन्व्हिजन आणि टीमहेल्थ या इमर्जन्सी डॉक्टर पुरवणाऱ्या दोन मोठ्या कंपन्या तोपर्यंत केकेआर आणि ब्लॅकस्टोन या प्रायव्हेट इक्विटीवाल्यांच्या, म्हणजे कंपन्या विकत घेऊन नफा काढणाऱ्या गुंतवणूकदारांच्या, ताब्यात गेल्या होत्या. २०१९ मध्ये काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, या विषयावर हालचाल सुरू झाली तेव्हा डॉक्टर पेशंट युनिटी अशा गोड नावाच्या संस्थेने जाहिरातींवर २ कोटी ८० लाख डॉलरच्या आसपास उधळले, पैसा कोणाचा ते आधी कोणी सांगेना, मग पत्रकारांनी खोदल्यावर याच दोन कंपन्या निघाल्या.

राज्यं तोवर हातावर हात धरून बसली नव्हती. न्यूयॉर्कने २०१४ मध्येच कायदा केला, कॅलिफोर्नियाचा २०१७ मध्ये लागू झाला, टेक्सासने २०१९ मध्ये केला. पण राज्यांचे हात बांधलेले होते. मोठ्या कंपन्या आपल्या कामगारांचा इलाज स्वतःच्या पैशातून करतात आणि अशा प्लॅनवर १९७४ च्या एरिसा या केंद्रीय कायद्यामुळे राज्याचं काही चालत नाही, आणि हेलिकॉप्टर ॲम्ब्युलन्सचे दर तर १९७८ च्या विमान कंपन्यांच्या कायद्याखाली येतात, तिथेही राज्य गप्प. म्हणून केंद्राचाच कायदा हवा होता.

आता इमर्जन्सी कुठल्याही हॉस्पिटलात असो, नेटवर्कमधल्या हॉस्पिटलात बाहेरचा डॉक्टर भेटलेला असो किंवा एअर ॲम्ब्युलन्स असो, पेशंटने आपला वाटा नेटवर्कच्या हिशेबानेच भरायचा, तो डिडक्टिबलमध्येही (इन्शुरन्स पैसे द्यायला लागायच्या आधी पेशंटने वर्षाला स्वतः भरायची रक्कम) धरला जातो, आणि फरकाचं बिल पाठवणाऱ्याला प्रत्येक उल्लंघनामागे १०,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. आधीच ठरलेल्या इलाजात एक पळवाट ठेवलीय, बाहेरच्या डॉक्टरने साधारणपणे ७२ तास आधी अंदाजे खर्चासकट नोटीस देऊन पेशंटची सही घेतली तर जास्त पैसे लावता येतात. पण भूल, रेडिओलॉजी, पॅथॉलॉजी, नवजात बाळांचे डॉक्टर अशांना ही सही मागताच येत नाही, आणि हे एकदम बरोबर केलं, नाहीतर ॲडमिशनच्या गठ्ठ्यात अजून एक कागद सरकवून सगळा कायदाच गुंडाळून ठेवला असता.

इन्शुरन्स नसलेल्यांसाठी वेगळी सोय आहे. त्यांना आधी खर्चाचं लेखी एस्टिमेट द्यायचं, आणि एखाद्या डॉक्टरचं किंवा हॉस्पिटलचं बिल त्याच्यापेक्षा ४०० डॉलर किंवा जास्त वर गेलं तर १२० दिवसांच्या आत तक्रार करता येते.

फरक पेशंट देणार नाही, मग कोण देणार, खरी मारामारी इथे आहे. डॉक्टर आणि कंपनीने आधी कामकाजाचे ३० दिवस आपसात बोलायचं, नाही जमलं तर लवादाकडे जायचं. दोघांनी एकेक आकडा द्यायचा आणि लवादाने त्यातला एकच उचलायचा, मधला काढायचा नाही, अमेरिकेत बेसबॉलवाल्यांचे पगार असेच ठरतात म्हणून याला बेसबॉल पद्धत म्हणतात. कंपनीच्या स्वतःच्या करारांतला त्या भागातला मधला रेट, ज्याला क्यूपीए म्हणतात, तो लवादाने बघायचा असतो. सरकारने नियम केला की त्याच्याकडेच झुकतं माप द्या, तर टेक्सास मेडिकल असोसिएशन कोर्टात गेली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये टेक्सासच्या फेडरल कोर्टाने तो नियम उडवला. मग फीचा गोंधळ झाला, लवादाची सरकारी फी ५० डॉलर होती ती २०२३ मध्ये ३५० केली, ती पण कोर्टाने रद्द केली, २०२४ पासून ११५ झाली. पहिल्या वर्षात ३ लाख ३० हजारांच्या वर केसेस दाखल झाल्या, सरकारी अंदाजाच्या जवळपास १४ पट! २०२३ मध्ये निकाल लागलेल्या केसेसपैकी तीन चतुर्थांशापेक्षा जास्त डॉक्टर किंवा हॉस्पिटलवाल्यांच्या बाजूने गेल्या. पेशंट यात कुठेच नाही हे खरं, पण कंपनीने जास्त मोजलेला पैसा उद्या प्रीमियममध्ये येणारच, तो काय कंपनी पदरचा घालणार आहे?

सगळ्यात मोठं भोक म्हणजे रस्त्यावरची ॲम्ब्युलन्स. हेलिकॉप्टर कायद्यात बसलं आणि साधी चारचाकी ॲम्ब्युलन्स बाहेर राहिली, आणि हार्ट अटॅक आलेला माणूस तर गाडी कुठल्या नेटवर्कची हे बघून आत चढत नाही. कारण असं की या सेवा बऱ्याच ठिकाणी शहर, काउंटी किंवा फायर ब्रिगेड चालवतात, त्यांचा खर्च या बिलांवर निघतो, म्हणून काँग्रेसने तेव्हा हात घातला नाही आणि विषय एका समितीकडे ढकलला. समितीने सुचवलं की पेशंटचा वाटा १०० डॉलर किंवा रेटच्या १० टक्के, यातलं जे कमी असेल तेवढाच ठेवा, पण ही नुसती शिफारस, कायदा नाही. काही राज्यांनी आपापलं बघितलं, कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२४ पासून ॲम्ब्युलन्सच्या अशा बिलांवर बंदी आहे, फक्त तिथेही एरिसावाले प्लॅन राज्याच्या हाताबाहेरच.