युरोपीय संघाचे लघुउद्योग धोरण

युरोपीय संघातील लहान आणि मध्यम उद्योग टिकावेत, वाढावेत आणि त्यांच्या जोरावर युरोपचा माल जगाच्या बाजारात उभा राहावा, यासाठी संघाने आणि सदस्य देशांनी केलेले कायदे, कर्जाच्या हमी आणि सल्लासेवा यांना मिळून हे नाव दिले जाते. हे धोरण एखाद्या कायद्याच्या पुस्तकात एका जागी सापडत नाही. त्याचा पाया मास्ट्रिख्त करारात आहे. १९९२ मध्ये सह्या झालेला हा करार १ नोव्हेंबर १९९३ रोजी अंमलात आला आणि उद्योगांची स्पर्धाक्षमता हा विषय त्याने संघाच्या कामकाजात आणला. आज ती तरतूद संघाच्या कामकाजाविषयीच्या करारात कलम १७३ म्हणून ओळखली जाते. लहान उद्योगांचा तिच्यात वेगळा उल्लेख आहे, पण या कलमाच्या आधारे सदस्य देशांचे कायदे एकसारखे करून घेता येत नाहीत, असेही तिथेच लिहून ठेवले आहे. त्यामुळे कर, कामगार कायदे आणि कारागिरीचे शिक्षण मुख्यतः राष्ट्रीय सरकारांच्या हातात राहिले. ब्रुसेल्सच्या, म्हणजे संघाच्या, वाट्याला बाजाराचे नियम, सरकारी मदतीवरची देखरेख आणि मोजका पैसा आला.

संघाचा कारभार चालवणाऱ्या युरोपीय आयोगाने मार्च २०२० मध्ये काढलेल्या धोरणपत्रानुसार संघात असे सुमारे अडीच कोटी उद्योग असून त्यांत सुमारे दहा कोटी माणसे काम करतात. एकूण उद्योगांत त्यांचे प्रमाण ९९ टक्क्यांहून अधिक आहे, आणि त्यांतही दहापैकी नऊहून जास्त ठिकाणी दहापेक्षा कमी माणसे असतात. अशा ठिकाणी मालक स्वतःच विक्री पाहतो, स्वतःच हिशेब लिहितो आणि यंत्र बिघडले तर स्वतःच पाना घेऊन बसतो. या धोरणाचे यशापयश समजून घ्यायचे तर मालकाच्या दिवसातले किती तास कागदांत जातात, हा प्रश्न अनुदानाच्या रकमेपेक्षा महत्त्वाचा ठरतो.

लहान कोणाला म्हणायचे

आयोगाने ६ मे २००३ रोजी केलेली आणि १ जानेवारी २००५ पासून लागू झालेली व्याख्या आजही चालते. १० पेक्षा कमी कामगार आणि २० लाख युरोपर्यंत उलाढाल असलेला उद्योग सूक्ष्म. ५० पेक्षा कमी कामगार आणि १ कोटी युरोपर्यंत उलाढाल असलेला लहान. २५० पेक्षा कमी कामगार आणि ५ कोटी युरोपर्यंत उलाढाल असलेला मध्यम. उलाढालीऐवजी ताळेबंदाची रक्कमही धरता येते. मध्यम उद्योगासाठी ती ४.३ कोटी युरो आहे.

आकडे सोपे दिसतात, मोजणी तशी नाही. अर्धवेळ कामगार तेवढ्याच अंशाने मोजायचा, शिकाऊ उमेदवार मोजायचाच नाही, काम करणारा मालक मात्र मोजायचा. दुसऱ्या कंपनीचा २५ टक्के किंवा त्याहून जास्त हिस्सा असेल तर तिचे कामगार आणि उलाढाल हिश्श्याच्या प्रमाणात आपल्यात मिळवायची. निम्म्याहून जास्त हिस्सा असेल तर सगळीच्या सगळी. एखाद्या बड्या समूहाने चाळीस माणसांची कंपनी काढून लहान उद्योगाच्या सवलती लाटू नयेत, हा यामागचा हेतू आहे आणि तो रास्त आहे. एखाद्या वर्षी मर्यादा ओलांडली म्हणून उद्योग लगेच गटाबाहेर जात नाही. सलग दोन वर्षे ओलांडावी लागते.

भारतात हेच गट यंत्रसामग्रीतील गुंतवणूक आणि उलाढाल यांवर ठरतात. कामगारसंख्येचा त्यात संबंध नसतो. युरोपने माणसे मोजायचे ठरवले आणि त्यातून एक अडचण उभी राहिली. अडीचशे माणसांची मर्यादा गाठून तिथेच टिकले की सवलती सुटतात आणि मोठ्या कंपन्यांचे नियम लागू होतात, म्हणून काही मालक वाढायलाच कचरतात. यावर उपाय म्हणून आयोगाने २१ मे २०२५ रोजी ७५० पेक्षा कमी कामगारांच्या कंपन्यांसाठी एक नवा मधला गट सुचवला. लहान उद्योगांना मिळणाऱ्या काही सवलती त्यांनाही मिळाव्यात, असा हा प्रस्ताव आहे.

गावाचा कारखाना : प्रातो

युरोपातील लहान उद्योगांची ताकद कशात आहे हे इटलीतील प्रातो या फ्लॉरेन्सजवळच्या शहरात नीट दिसते. जुन्या लोकरी कपड्यांपासून नवे कापड विणण्याचा धंदा तिथे एकोणिसाव्या शतकापासून चालत आला आहे. जगभरातून आलेल्या जुन्या स्वेटर-कोटांच्या गाठी सोडल्या की निवड करणारा कारागीर एकेक कपडा हातात घेतो. बोटांनी चोळून लोकर किती आणि भेसळ किती हे ओळखतो, शिवण उसवतो, बटणे आणि अस्तर काढतो आणि रंगाप्रमाणे ढीग लावतो. नुसता निळा म्हणून एक ढीग पुरत नाही. निळ्याच्या कितीतरी छटा वेगळ्या ठेवाव्या लागतात. छटा नीट जुळली तर सूत पुन्हा रंगवावे लागत नाही. रंग, पाणी आणि जळण यांची बचत त्या हातातच असते.

चिंध्या पिंजणे, सूत काढणे, ताणा लावणे, विणणे, कापडाला शेवटचा हात देणे ही सगळी कामे वेगवेगळ्या छोट्या कारखान्यांत होतात. त्यांना एका सूत्रात बांधणाऱ्या माणसाला तिथे ‘इम्पान्नातोरे’ म्हणतात. त्याच्याकडे बहुधा स्वतःचे मागही नसतात. तो नमुने तयार करून घेतो, गिऱ्हाईक गाठतो, मागणी आणतो आणि कोणते काम कोणाकडे द्यायचे ते ठरवतो. अशा गावांचे अर्थशास्त्र इंग्लंडच्या आल्फ्रेड मार्शल यांनी आधी मांडले होते. धंद्यातले बारकावे तिथे जणू हवेत असतात, अशी त्यांची मांडणी होती. १९७० च्या दशकाअखेरीस फ्लॉरेन्सचे अर्थतज्ज्ञ जाकोमो बेकात्तिनी यांनी तो विचार पुन्हा पुढे आणला. सास्सुओलोच्या फरश्या, मोन्तेबेल्लूनाचे स्कीचे बूट आणि बेल्लूनो परिसरातील चष्म्यांच्या फ्रेमा ही त्याच जातीची उदाहरणे.

प्रातोवर नंतर वाईट दिवस आले. २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत आला आणि १ जानेवारी २००५ रोजी कापड-आयातीवरचे जागतिक कोटे संपले. अनेक माग बंद पडले. त्याच शहरात चिनी स्थलांतरितांच्या तयार कपड्यांच्या शिलाईशाळा वाढल्या, त्यांतल्या काहींमधील कामाच्या वाईट परिस्थितीने इटली हादरले. तरीही चिंध्या निवडण्याची कला टिकली. १ जानेवारी २०२५ पासून प्रत्येक सदस्य देशाने टाकाऊ कपडे वेगळे गोळा करण्याची सोय करणे बंधनकारक आहे. या कपड्यांचे पुढे काय करायचे, हे शिकायला प्रातोसारखी जागा युरोपात क्वचितच सापडेल.

भांडवल

लहान कारखानदाराकडे तारण ठेवायला फारसे काही नसते आणि बँकेला छोट्या कर्जाची छाननी परवडत नाही. जर्मनीने यावर घरच्या बँकेचा मार्ग काढला. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकी मदतीच्या, म्हणजे मार्शल योजनेच्या, पैशातून १९४८ मध्ये उभी राहिलेली केएफडब्ल्यू ही सरकारी बँक लहान उद्योजकाला सहसा थेट भेटत नाही. उद्योजक आपल्या गावच्या बँकेत अर्ज करतो, ती बँक त्याला ओळखते, आणि पैसा मागून केएफडब्ल्यू पुरवते. नगरपालिका आणि जिल्ह्यांशी बांधलेल्या ‘श्पारकासे’ या बचत बँका आपल्या भागातच व्यवसाय करतात, त्यामुळे कर्ज देणाऱ्याला कारखान्याचा दरवाजा माहीत असतो. कुटुंबाच्या मालकीच्या ज्या मध्यम कंपन्यांना जर्मन लोक ‘मिटेलश्टांड’ म्हणतात, त्या या पाठबळावर वाढल्या. त्याला जोड मिळाली ती आठवड्याचे काही दिवस कारखान्यात आणि काही शाळेत अशा दुहेरी प्रशिक्षणाची. इटलीत उद्योजकांनीच एकत्र येऊन ‘कोन्फीदी’ या परस्पर-हमी संस्था काढल्या, म्हणजे एकमेकांच्या कर्जाला एकमेकांचा जामीन.

संघाने हाच विचार मोठ्या प्रमाणावर नेला. १९९४ मध्ये लक्झेंबर्गला स्थापन झालेला युरोपीय गुंतवणूक निधी स्थानिक बँकांच्या कर्जांना हमी देतो; कर्ज बुडाले तर तोट्याचा काही भाग निधी सोसतो. पुढे इन्व्हेस्टईयू कार्यक्रमात २६.२ अब्ज युरोची हमी ठेवली गेली. या पद्धतीचे मोठेपण असे की थोड्या सरकारी पैशात बरेच खासगी कर्ज हलते आणि कर्जदाराला परक्या गावी, परक्या भाषेत हेलपाटे घालावे लागत नाहीत. राज्याने एका उद्योगाला तीन वर्षांच्या काळात थेट द्यायच्या किरकोळ मदतीची मर्यादा १ जानेवारी २०२४ पासून २ लाखांवरून ३ लाख युरो झाली. एवढ्या रकमेपर्यंत ब्रुसेल्सची परवानगी घ्यावी लागत नाही.

बिलाची वसुली

कर्जापेक्षाही जास्त त्रास होतो तो आपलाच पैसा वेळेवर न मिळण्याचा. माल पोहोचला, बिल दिले, आणि मग खरेदीदाराच्या लेखा विभागाला फोन करत राहायचे. तोवर पगार आणि विजेचे बिल थांबत नाही. आयोगाच्या म्हणण्यानुसार संघातील चारपैकी एका दिवाळखोरीमागे थकलेली बिले असतात.

२०११ च्या निर्देशानुसार सरकारी कार्यालयांनी साधारणपणे ३० दिवसांत आणि कंपन्यांनी ६० दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या दरावर किमान ८ टक्के वाढीव व्याज आणि वसुलीखर्चापोटी किमान ४० युरो मागण्याचा हक्क आहे. पण कंपन्यांच्या ६० दिवसांना ‘वेगळे ठरले नसेल तर’ ही पळवाट होती. ठरवणार कोण? मोठा खरेदीदार. आणि व्याज मागणारा पुरवठादार पुढची ऑर्डर गमावण्याच्या भीतीने गप्प बसतो. सप्टेंबर २०२३ मध्ये आयोगाने सर्वांसाठी सरसकट ३० दिवसांची मर्यादा सुचवली, तेव्हा बरीच सरकारे आणि किरकोळ विक्री क्षेत्र विरोधात उभे राहिले. लहान उद्योगांच्या नावाने भाषणे करणे सोपे असते. त्यांचे पैसे वेळेवर द्यायची वेळ आली की मैत्री पातळ होते.

बडे की लहान

जून २००८ मध्ये आयोगाने लघुउद्योग सनद स्वीकारली. कोणताही नियम करताना आधी लहानांचा विचार करा, हे तिचे सूत्र. त्याच वर्षी एंटरप्राइझ युरोप नेटवर्क ही सल्लाकेंद्रांची साखळीही सुरू झाली. याच्या उलट दिशेने ओढणारा विचारही जुना आहे : अमेरिका आणि चीनच्या महाकाय कंपन्यांशी लढायला युरोपलाही महाकाय कंपन्या हव्यात. ६ फेब्रुवारी २०१९ रोजी आयोगाने जर्मनीची सीमेन्स आणि फ्रान्सची आल्स्तोम यांच्या रेल्वे व्यवसायांचे विलीनीकरण नाकारले, तेव्हा हा वाद उघड्यावर आला. बाजारात स्पर्धा उरणार नाही, असे आयोगाचे कारण होते. पुढच्या दोन आठवड्यांत फ्रान्स आणि जर्मनीने मिळून स्पर्धेचे नियम बदलण्याची मागणी केली. लहान पुरवठादाराच्या बाजूने पाहिले तर आयोगाचा निर्णय बरोबर होता. दोन खरेदीदारांचा एक झाला की भाव पाडून मागणारा एकच उरतो.

२०२२ नंतर

२०२१ मध्ये संघाच्या आयात वायूपैकी सुमारे ४५ टक्के वायू रशियातून येत होता. युक्रेनवरील आक्रमणानंतर भाव भडकले. सास्सुओलोत फरशी भाजायच्या भट्ट्या सुमारे १,२०० अंशांवर वायूवर चालतात, तिथे कारागिरी कितीही चांगली असली तरी बिलापुढे तिचा इलाज चालत नव्हता. युरोपीय मध्यवर्ती बँकेचे माजी अध्यक्ष मारिओ द्रागी यांनी ९ सप्टेंबर २०२४ रोजी दिलेल्या अहवालात युरोपीय कंपन्यांना वीज अमेरिकेच्या दोन ते तीन पट आणि वायू चार ते पाच पट महाग पडतो, असे नोंदवले. वर्षाला किमान ७५० ते ८०० अब्ज युरोची जादा गुंतवणूक लागेल, असा त्यांचा हिशेब होता. २००८ ते २०२१ या काळात युरोपात जन्मलेल्या एक अब्ज डॉलरहून अधिक मूल्याच्या नवकंपन्यांपैकी जवळपास ३० टक्के कंपन्यांनी मुख्यालय परदेशी हलवले, हे त्यांचे निरीक्षण लक्षात राहण्याजोगे आहे. कल्पना युरोपची असते, पण ती वाढवायला लागणारे भांडवल आणि एकसंध बाजार तिला इतरत्र मिळतो.

२९ जानेवारी २०२५ रोजी आयोगाने ‘स्पर्धाक्षमतेचे होकायंत्र’ हा आराखडा मांडला. कागदपत्रांचा बोजा सर्वांसाठी २५ टक्के आणि लहान-मध्यम उद्योगांसाठी ३५ टक्के कमी करण्याचे उद्दिष्ट त्यात आहे. पाठोपाठ २६ फेब्रुवारीला पर्यावरण-अहवालाची सक्ती १,००० हून अधिक कामगारांच्या कंपन्यांपुरती ठेवण्याचा प्रस्ताव आला. त्या सक्तीतून बहुतेक लहान उद्योग आधीच वगळलेले होते. तरी मोठ्या कंपन्या आपला अहवाल भरण्यासाठी पुरवठादारांकडे प्रश्नावल्या पाठवत आणि बोजा खाली झिरपे. कामगार आणि पर्यावरण संघटनांना मात्र नियम सैल करण्याच्या नावाखाली संरक्षणही जाईल अशी भीती वाटते. ही भीती निराधार नाही. फॉर्म कमी करणे आणि जबाबदारी कमी करणे या दोन गोष्टी मसुद्यात एकमेकींत सहज मिसळतात.

भारतातील पुरवठादार

पुणे, चाकण आणि रांजणगाव परिसरात युरोपीय कंपन्यांचे कारखाने आहेत, शिवाय अनेक छोटे कारखाने युरोपला थेट माल पाठवतात. बाहेरून येणाऱ्या मालाच्या निर्मितीत झालेल्या कार्बन उत्सर्जनावर शुल्क आकारणाऱ्या संघाच्या कार्बन-सीमा व्यवस्थेचा अहवाल देण्याचा टप्पा १ ऑक्टोबर २०२३ रोजी सुरू झाला आणि १ जानेवारी २०२६ पासून ती पूर्णपणे लागू आहे. पोलाद, ॲल्युमिनियम आणि लोखंडी स्क्रू-बोल्ट तिच्या कक्षेत येतात. युरोपीय आयातदार वर्षाला ५० टनांपेक्षा कमी माल आणत असेल तर त्याला सूट आहे. ही सूट आयातदाराची, निर्यातदाराची नव्हे. मोठ्या आयातदाराला माल देणारा इथला दहा माणसांचा कारखाना मालाबरोबर उत्सर्जनाचा हिशेबही देतो. बिलाच्या बाबतीत मात्र भारतीय कायदा कागदावर युरोपपेक्षा कडक आहे. २००६ च्या अधिनियमानुसार सूक्ष्म आणि लघुउद्योगांचे पैसे कराराने ठरवले तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते.