न चावता राज्य करणारी राणी

कोंबड्यांमध्ये कोणी कोणाला टोचायचं याची उतरंड ठरलेली असते, हे नॉर्वेच्या थोर्लाइफ शेल्डरूप-एब्बे यांनी १९२२ साली मांडलं. तेव्हापासून प्राण्यांमधली सत्ता म्हटली की आपल्याला दांडगाईच आठवते. छपराखाली कागदी पोळं बांधणारी एक गांधीलमाशी मात्र या हिशेबात बसत नाही.

तिचं शास्त्रीय नाव रोपालिडिया मार्जिनाटा. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कित्येक वर्षं तिचा अभ्यास केला आहे. राणी आणि कामकरी माश्या दिसायला सारख्याच, त्यामुळे प्रत्येकीच्या अंगावर रंगाचे ठिपके देऊन ओळख ठेवायची. अंडी घालते फक्त राणी. पण एकमेकींच्या अंगावर धावून जाणं, चावे घेणं या भानगडीत ती क्वचितच पडते.

आता राणीला पोळ्यावरून उचललं, तर सुमारे अर्ध्या तासात एक कामकरी माशी एकाएकी भयंकर आक्रमक होते. तीच पुढची राणी. आठवडाभरात ती अंडी घालू लागते आणि तिचा तोराही उतरतो. गंमत म्हणजे ही वारसदार आधीच्या उतरंडीत सगळ्यात वरची असेलच असं नाही. राणी असेपर्यंत संशोधकांना ती ओळखताच येत नाही.

माश्यांना मात्र ती ठाऊक असावी. अनिंदिता भद्रा आणि गदगकर यांनी पोळं मधोमध कापून दोन भागांमध्ये जाळी लावली. राणीविना राहिलेल्या भागात एक वारसदार पुढे आली. मग तिची आणि राणीची जागा बदलली. काही पोळ्यांत दुसऱ्या बाजूनेही तिला मुकाट्याने स्वीकारलं. बाकीच्यांत तिथे दुसरीच पुढे आली, आणि तिला दोन्हीकडे मान्यता मिळाली. तिसरी दावेदार कुठेच उभी राहिली नाही. २००८ साली हे प्रसिद्ध झालं. माझ्या मते इतक्या साध्या सामग्रीत इतका चतुर प्रयोग विरळाच.

राणीचा वचक गंधाचा आहे. शरीरातल्या एका ग्रंथीतलं रसायन ती पोळ्यावर लावते आणि त्यावरून ‘राणी आहे’ हे इतरांना कळतं.

मग कामकरी माश्या एकमेकींना चावतात कशासाठी? पोळ्यावर बसलेल्या माश्यांचा मारा अन्न आणणाऱ्या माश्यांवर जास्त होतो, म्हणजे हा बहुधा भुकेचा निरोप असतो. संशोधकांनी पोळ्याला हाताने भरपूर खाऊ घातलं, तेव्हा मारामाऱ्या कमी झाल्या.