चांदणी चौकातला जुना पूल का पडला, आणि कसा पडला

पुण्यातल्या चांदणी चौकातला पूल जुना झाला होता म्हणून पाडला, असं आता सर्रास सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. नव्वदच्या दशकातला हा पूल वयाने काही म्हातारा नव्हता. अडचण होती ती त्याच्या खालच्या जागेची. देहूरोड-कात्रज बाह्यवळण झालं तेव्हा बावधन म्हणजे गाव होतं आणि महामार्ग शहराबाहेरून जायचा. नंतर हिंजवडी वाढली, महामार्ग रुंदावत गेला, पण पुलाखाली तो पुन्हा अरुंद व्हायचा. वर मुळशी-बावधन आणि कोथरूड-एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) वाहनं एकमेकांत अडकलेली, खाली मुंबई-साताऱ्याचे ट्रक.

उपाय म्हणून उड्डाणपुलाचा प्रकल्प ठरला होता. ऑगस्ट २०१७ मध्ये भूमिपूजनही झालं. मग सगळं अडलं भूसंपादनात. महापालिका टीडीआर (म्हणजे पैशांऐवजी दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) देऊ म्हणायची, जागामालकांना रोख मोबदला हवा होता. कुदळ मारायची आणि मग सातबारे शोधायचे, ही आपली जुनी पद्धत. त्यात वर्षं गेली आणि दोष मात्र पुलाच्या माथी बसला.

ऑगस्ट २०२२ मध्ये साताऱ्याकडे निघालेले तत्कालीन मुख्यमंत्री याच कोंडीत सापडले. त्यानंतर जी चक्रं फिरली, ती रोज अडकणाऱ्यांनी तोवर पाहिली नव्हती. पूल स्फोटाने उडवायचं ठरलं. नोएडाचे जुळे मनोरे नुकतेच जमीनदोस्त झाले होते आणि ते करणारी कंपनीच इथे आली. पुलाला भोकं पाडून सुमारे ६०० किलो स्फोटकं भरली, दगड उडू नयेत म्हणून जाळ्या आणि कापड गुंडाळलं, महामार्ग बंद केला. २ ऑक्टोबरला रात्री एकच्या सुमारास बार झाला. धुरळा बसला तेव्हा काँक्रीट बरंचसं फुटलेलं, पण सळयांचा सांगाडा जागेवरच! बांधकामात अपेक्षेपेक्षा जास्त लोखंड निघालं, असा खुलासा झाला. उरलेलं काम पोकलेननी रात्रभर ओढून काढलं आणि सकाळी वाहतूक सुरू झाली.

स्फोट फसला की यशस्वी झाला, यावर तेव्हा बरीच हमरीतुमरी झाली. यंत्रणेचं म्हणणं, महामार्ग थोडेच तास बंद राहिला, मोहीम फत्ते. टीकाकारांचं म्हणणं, शेवटी पोकलेनच लागणार होते तर एवढा तमाशा कशाला. मला दुसरी बाजू जरा उतावीळ वाटते. नुसत्या ब्रेकरने तोडायचं तर चालत्या महामार्गावर ते काम कितीतरी रात्री चाललं असतं. पण आठ-दहा सेकंदांत पूल भुईसपाट होईल अशी हवा आधी कुणी केली होती, हेही विसरायला नको.

पूल गेल्याने कोंडी लगेच सुटली नाही, कारण कडेचा कातळ होताच. तो रोज मध्यरात्री वाहतूक थोपवून सुरुंगाने फोडत न्यावा लागला. तेवढं झाल्यावर मार्गिका मोकळ्या झाल्या.

त्याच ठिकाणचा नवा, सुमारे १५० मीटर लांबीचा पूल आणि भोवतीचे रॅम्प १२ ऑगस्ट २०२३ ला खुले झाले. भूसंपादन धरून खर्च ८६५ कोटींच्या घरात गेला. पहिल्या काही दिवसांत कोणता रॅम्प मुळशीला आणि कोणता वारज्याला जातो हे वाहनचालकांना कळेना, म्हणून फलक बदलावे लागले. मुंबई-साताऱ्याच्या बस पकडायला येणाऱ्या पायी माणसाची आठवण त्याहून उशिरा झाली. पादचारी पुलाची मागणी जोर धरू लागली ती उद्घाटनाचे मंडप उतरल्यावर.